गोड्या पाण्याचा घडा

खाडीवर पूल नव्हते, तेव्हाच्या फार जुन्या काळी काठावरच्या एका गावात एक बुरूड राहत होता. बांबू चिरायचे, सुपं-टोपल्या विणायच्या, एवढंच त्याला येई. बायको लवकर गेली होती. एकुलती एक मुलगी त्यानं खाडीपलीकडच्या बेटावर, चांगल्या खात्यापित्या घरी दिली होती.

बेटावर सगळं होतं. नारळ होते, मासळी होती, लोक मायाळू होते. फक्त विहिरींचं पाणी मचूळ होतं. तिथल्या माणसांना त्याची सवय होती. मुलीला मात्र ती होईना. पावसाळ्यात माहेरी आली तेव्हा दारातल्या विहिरीचं पाणी ती ओंजळीनं प्यायली, आणि हसत म्हणाली की तिकडे भात शिजतो, पण घास गोड लागत नाही. पुढे तिला दिवस गेले. त्या पाण्यानं तिच्या पोटात काही ठरत नाही, असा निरोप बेटावरून आला.

त्या मुलखात नाताळची एक रीत होती. नाताळच्या दिवशी सुनांचे वडील भेटी घेऊन येत. अंगणात चटई अंथरली जाई आणि माहेरहून आलेली प्रत्येक वस्तू सगळ्या नातलगांसमोर उघडून ठेवली जाई. कुणाला कमी लेखावं असा यात हेतू नव्हता. पण माणसं बघतात, आणि बघितलं की मनात तुलना होतेच.

त्या वर्षी बांबूच्या बनाला फुलोरा आला. बांबू फुलला की मरतो. सगळं बन उभ्या उभ्या वाळलं आणि बुरुडाचं काम बसलं. मुलीला काय न्यावं, हा विचार त्याचं डोकं पोखरू लागला. मग एका सकाळी विहिरीवर दोर ओढताना त्याला सुचलं.

त्यानं मातीचा नवा घडा घेतला. वाटेत कुणाचा धक्का लागून फुटू नये म्हणून हाताशी उरलेल्या बांबूच्या बारीक काड्या काढून त्याच्याभोवती जाळी विणली. इतकं नाजूक काम त्यानं कधी कुणा गिऱ्हाइकासाठी केलं नव्हतं. घडा विहिरीच्या पाण्यानं भरला, तोंडाला धुतलेलं फडकं बांधलं आणि खांद्यावर घेऊन तो होडीच्या धक्क्यावर आला.

तिथं इतर मुलींचे वडील जमले होते. कुणाकडे साड्या होत्या, कुणाकडे चांदीचा डबा, कुणाकडे मिठाईच्या टोपल्या. एकानं घड्यात काय आहे म्हणून विचारलं. बुरुडानं खरं ते सांगितलं.

"अहो मामा, बेटाला पाणी नेताय? चहूबाजूंनी तेच तर आहे तिथं," तो गृहस्थ म्हणाला.

सगळे हसले. त्यात दुष्टावा नव्हता. बुरूडही हसला. मग तो बाजूला जाऊन बसला, आणि त्याच्या डोळ्यांपुढे ती चटई आली. इतरांनी आणलेल्या साड्यांचं कौतुक करणारे पाहुणे दिसले, मधोमध आपला घडा दिसला, मुलीची खाली गेलेली मान दिसली. सगळं दिसलं. फक्त पाणी पिणारी मुलगी त्याला दिसली नाही.

धक्क्यावर एक फेरीवाला होता. कनवटीला होतं नव्हतं ते देऊन बुरुडानं त्याच्याकडून काचेच्या मण्यांची माळ घेतली. पाणी खाडीत ओतलं आणि घडा तिथंच झुडपात ठेवून दिला.

चटईवर माळ ठेवली गेली. लोकांनी छान आहे म्हटलं आणि ते पुढच्या गोष्टींकडे वळले. मुलीनं ती लगेच गळ्यात घातली. तिचा गळा फार बारीक झाला होता. बाप निघाला तेव्हा ती त्याला परसात गाठून हळूच म्हणाली, "बाबा, मला वाटलं होतं, तुम्ही आपल्या विहिरीचं पाणी आणाल. वेडीच मी."

ओतून दिलं, हे त्याला सांगवेना.

"विहीर आटली गं यंदा," तो म्हणाला.

मुलीनं गळ्यातली माळ सारखी केली. "मग बाळंतपणाला मी इथंच राहते. माझ्यासाठी कुठून कुठून पाणी वाहून आणाल या वयात?"

पहिलं बाळंतपण माहेरी व्हायचं ठरलं होतं. तिच्या स्वतःच्या जन्माच्या वेळची सुईण बुरुडाच्या शेजारीच राहत होती. खरं सांगावं म्हणून त्यानं तोंड उघडलं, इतक्यात व्याही फराळाची पुरचुंडी घेऊन आले आणि ते राहून गेलं. पुढच्या खेपेला सांगू, असं त्यानं ठरवलं. ती खेप तो पुढे ढकलत राहिला. खोटं एका वाक्याचं होतं. ते मागे घ्यायला मात्र त्याला वाक्य सापडेना.

शेवटी उन्हं तापू लागली तेव्हा त्याचं मन धजावलं. दुसरा घडा भरून तो धक्क्यावर आला. समोरून होडी येतच होती. तीत मुलीच्या सासरचा माणूस होता, आणि तो त्याला बोलवायला नव्हे, कळवायला आला होता. कळा दिवस भरण्याआधीच सुरू झाल्या. बेटावर सुईण नव्हती. अलीकडून आणायला होडी निघाली ती ओहोटीच्या चिखलात रुतून बसली. बाळ वाचलं होतं. आई वाचली नव्हती.

बुरूड घडा घेऊन तसाच गेला. विहीणबाईंनी तो त्याच्या हातातून घेतला, पाण्यात पदर भिजवला आणि सुनेचा चेहरा पुसला. मग थोडं पाणी तळहातावर घेऊन त्यांनी चाखलं.

"या पाण्याचं ती रोज सांगायची," त्या म्हणाल्या. "नाताळला बाबा आणतील, मग तुम्हाला सगळ्यांना देते, म्हणायची. आम्ही वाट बघत होतो." आणि मग त्यांनी मान वर करून विचारलं, "विहीर आटली होती ना, व्याही?"

पाळण्यात बाळ रडत होतं, आणि त्याला घ्यायला पुढे होण्याचाही धीर बुरुडाला झाला नाही.

बोध: भेट देताना जो घेणाऱ्याची तहान सोडून बघणाऱ्यांचे डोळे पाहतो, त्याची भेट घेणाऱ्यापर्यंत कधीच पोहोचत नाही.