पाखरीच्या तळावरची हाक

कुंभारखिंड चढून वर आले की रान दाट होत जाते, आणि दाट होता होता एकाएकी एक मोकळा माळ लागतो. त्याला पाखरीचा तळ म्हणतात. हल्ली घोड्यांवरून रान हिंडायला येणारी हौशी मंडळी तिथे तंबू ठोकतात. माळाच्या टोकाला, दरीच्या तोंडाशी, ऐनाच्या लाकडाचा एक खुंट आहे. त्याला कोणी घोडा बांधत नाही. खोगिरे उतरली की चूल पेटवण्याआधी सगळ्यांनी त्या खुंटापाशी, दरीकडे तोंड करून उभे राहायचे असते. वाटाड्या गंगाजी ढेबे सत्तरीचा आहे, पण या बाबतीत तो कोणाचीही भीड ठेवत नाही. एखाद्याने भुकेची कुरकुर केली तर म्हणतो, "भाकर कुठं पळून जात न्हाई." मग खुंटाशेजारी बसून तंबाखू मळत तो हकिगत सांगतो.

पूर्वी कोकणातले मीठ घाटावर यायचे ते म्हणे तट्टांच्या पाठीवरून. वीस-पंचवीस तट्टांचा तांडा निघायचा आणि रानात तळ टाकत टाकत वर यायचा. या तट्टूवाल्यांची एक रीत होती. रानात माणसाचे नाव घ्यायचे नाही. नाव घेतले की रान ते ऐकते, आणि मग त्याच नावाने हाका मारून माणसाला चकव्यात नेते, अशी त्यांची समजूत. म्हणून ज्याचे जे जनावर तेच त्याचे नाव. सकाळी तळ हलवताना म्होरक्या 'ढवळ्या' म्हणाला की ढवळ्याचा धनी मागून 'हाय' म्हणायचा. सगळे 'हाय' आले की तांडा निघायचा.

खेमाजी नावाचा असाच एक म्होरक्या होता. माणूस कामाला वाघ, पण मिठाच्या गोणीपलीकडे फारसे न बघणारा. एका वर्षी घाटाच्या पायथ्याशी एक नवा गडी त्याच्या तांड्यात आला. बरोबर एकच घोडी, तांबूस रंगाची, दोन्ही बरगड्यांवर पंखांसारखे पांढरे पट्टे असलेली. तिचे नाव पाखरी, म्हणून तोही पाखरी. तो कोणाशी बोलत नसे. भाकरी घेऊन घोडीजवळ जाऊन बसे आणि काय ते तिच्याशीच बोले. काम चोख करतो, मग बोलण्याशी आपल्याला काय करायचे, असे खेमाजीला वाटले. असे घाट चढता-उतरता वीस दिवस गेले.

एकविसाव्या दिवशी तांडा या माळावर उतरला. जमीन ओलसर होती. पहाटे पाखरीने हिसडा दिला तसा खुंट उपटून आला आणि ती रानात गेली. गडी हातात दावे घेऊन दरीत उतरला. कोणाला सांगून गेला नाही. इतक्या दिवसांत सांगावे असे कोणी झालेच नव्हते त्याचे. तो खाली उतरला आणि थोड्या वेळाने घोडी दुसऱ्याच अंगाने, मिठाच्या वासाने, आपली आपण परत आली. शेजारच्या गड्याने तिला धरले. धनी परसाकडे गेला असेल म्हणून उपकारबुद्धीने तिच्यावर गोण्याही चढवल्या. धुके तर असे पडले होते की पुढच्या तट्टाची शेपटी दिसेना. खेमाजीने नेहमीप्रमाणे हाका घातल्या. "पाखरी!" म्हणाला, तेव्हा घोडी समोर होती, म्हणून शेजारच्यानेच "हाय" म्हटले. तांडा निघाला.

दुपारी ओढ्यावर ओझी उतरली. सगळी तट्टे पाण्यावर गेली आणि पाखरी तेवढी गोण्यांसकट उभी राहिली. तिची ओझी उतरवायला धनीच नाही, हे खेमाजीच्या तेव्हा ध्यानात आले. दोन गडी आणि घोडी घेऊन तो तसाच माघारी फिरला.

माळावर येऊन त्याने दरीच्या तोंडाशी हाक मारली. "पाखरी! ए पाखरी!" दिवसभर मारली, दुसऱ्या दिवशीही मारली. एकदा खालून शीळ ऐकू आल्यासारखे वाटले. मग ती लांब गेली, आणखी लांब गेली. खेमाजीने घसा फुटेस्तोवर हाका मारल्या. जितके ओरडावे तितकी शीळ दूरच जात होती, असे सांगतात.

चौथ्या दिवशी मध काढणारी एक कातकरीण दरीतून वर आली. तिचे नाव ठकी.

"तुमीच का पाखरीला हाका घालताय?"

"व्हय. तुला दिसला का?"

"परवा दिसला, पल्याडच्या कड्याखाली. हातात दावं, पायांची पार चाळण झालेली. म्या म्हनलं, बाबा, वर तुजी मानसं बोलवत्यात. तर म्हनला, ती घोडीला हाका मारत्यात. अजून घावली न्हाई. माज्यापायी सगळी खोळंबल्यात, मी रिकाम्या हातानं कसा जाऊ? आन् गेला की म्होरं."

खेमाजीने मागे वळून पाहिले. घोडी त्याच्या पाठीशीच उभी होती.

"आवो, मग त्याच्या नावानं हाक मारा की," ठकी म्हणाली.

खेमाजीने दोघा गड्यांकडे पाहिले. एकवीस दिवस एका आगीवर भाकरी भाजली, पण त्या माणसाचे नाव काय, गाव कोणते, घरी कोण वाट बघते, यातले काही म्हणजे काही कोणाला माहीत नव्हते. खेमाजीला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

तो दरीच्या अगदी कडेला गेला आणि ओरडला, "पाखरी घावली! माघारी ये!" पण आता खालून शीळ आली नाही.

त्याने गड्यांना तांड्याकडे धाडले आणि स्वतः राहिला. ऐनाचा खुंट तासून दगडाने खोल ठोकला, आणि त्याला पाखरीला बांधले. ती सदा दरीकडे तोंड करून उभी असे. खेमाजी म्हणे पुन्हा घाट उतरलाच नाही. रोज तिन्हीसांजेला हाक मारायची आणि ऐकत राहायचे, एवढेच त्याचे काम उरले. पुढे घोडी गेली, तोही थकला. शेवटी त्याने येणाऱ्या-जाणाऱ्या तट्टूवाल्यांकडून शब्द घेतला. या माळावर ज्याने त्याने आधी आपले नाव सांगायचे, मगच आग पेटवायची. रानाने ऐकले तर ऐकू दे.

खुंट कुजला की नवा ठोकतात. आजही तळावर आलेला प्रत्येक जण दरीकडे तोंड करून आपले नाव आणि गाव सांगतो. गेल्या खेपेला आलेल्या मंडळीबरोबर घोड्यांची देखभाल करणारा एक पोक्त माणूस होता. चार दिवस सगळे त्याला 'ओ घोडेवाले' म्हणत होते. त्याने पुटपुटत नाव सांगितले, तर गंगाजीने त्याला ते पुन्हा मोठ्याने सांगायला लावले. "बाबालाल कासम नदाफ," तो म्हणाला, आणि बाकीचे जरा ओशाळले.

सगळ्यांची नावे झाली की गंगाजी तोंडाभोवती हात धरतो. "पाखरी घावली रं! माघारी ये!" ती हाक दरीत उतरत जाते, आणि चरणारे घोडेही तेवढ्यापुरती मान वर करतात. हाकेच्या आधी तो थोडा थांबतो. तिथे दरीत उतरलेल्या त्या गड्याचे नाव यायला हवे.