नापास झाली तर...

"अन् नापास झाली तं?" आत्याबाईंनी विचारलं.

देविदास हसला. "होतच नाई."

"झाली तं?"

"मी काय सांगून रायलो अन् तुमी काय विचारून रायल्या, आत्याबाई! आठवीचं अर्धं गणित आत्ताच झालं तिचं. सातवीत साऱ्या शाळेतून पहिली आली. तयारीत काईच कमी नाई."



गावाबाहेरच्या महानुभाव मठात या वृद्ध तपस्विनी एकट्याच राहत. त्यांचं दीक्षेचं नाव वेगळं होतं, पण सगळा गाव त्यांना आत्याबाईच म्हणे. गावातली शाळा सातवीपर्यंत. पुढे शिकायचं तर जिल्ह्याच्या गावी, वसतिगृहात राहून. निघण्याआधी आईबाप मुलाला मठात घेऊन येत. आत्याबाई त्याच्या डोक्यावर हात ठेवत. एवढंच.

त्या दुपारी देविदास गावंडे आपली पिठाची गिरणी बंद ठेवून आला होता. सोबत बायको वत्सला आणि मुलगी कांचन. कांचन गुडघ्यांभोवती हात घालून बसली होती. आत्याबाईंनी अजून तिच्या डोक्यावर हात ठेवला नव्हता.

"तुले भेव कायचं वाटते, बाई?" त्यांनी कांचनला विचारलं.

"तिले भेव नाई वाटत," देविदास म्हणाला.

"मी तिले विचारलं."

कांचनने बापाकडे पाहिलं. मग म्हणाली, "कायचंच नाई."

बोलण्याची ढब बापाचीच होती.

"पाहा!" देविदास खूष झाला. "मी तिले साफ सांगून ठेवलं हाय. पास झाली तं घर तुहं. नापास झाली तं या उंबरठ्यावर पाय ठेवायचा नाई. असं कडक सांगतलं म्हणजे लेकरं जिद्दीनं शिकतात."

"नितेशलेही हेच सांगतलं होतं?"

वत्सला मुलीच्या वेणीचं रिबन सारखं करत होती. तिचा हात थांबला.

नितेश कांचनचा मोठा भाऊ. तोही याच मठातून, जिल्ह्याच्या त्याच शाळेत गेला होता. गावातला हुशार मुलगा. नववीला नापास झाला. उन्हाळ्यात वसतिगृह रिकामं झालं, सगळी मुलं आपापल्या घरी पोचली... नितेश आला नाही.

बऱ्याच शोधानंतर कळलं, तो हायवेवरच्या एका ढाब्यावर कामाला आहे. देविदास एकदा तिथे गेला. बाप दारातून आत येताना दिसताच नितेश मागच्या बाजूने शेतात पळाला. देविदास घरी परतला. त्यानंतर घरात त्याचं नाव कुणी काढलं नव्हतं.

"ते पोरगं कच्चं निघालं," देविदास म्हणाला. "ही तशी नाई."

आत्याबाई भिंतीचा आधार घेऊन उठल्या.

"कुठी चालल्या?"

 त्या हळूहळू चालत दाराबाहेर गेल्या. अंगणात फरशी होती. जून अर्धा सरला तरी पावसाचं नाव नव्हतं, फरशी नुसती भाजत होती. आत्याबाई अनवाणी होत्या. त्या उन्हात उभ्या राहिल्या आणि दाराकडे वळल्या. मान खाली घातली.

"मी नापास झाली, बाबा," त्या म्हणाल्या. "घरात येऊ?"

देविदासला आधी काही समजलंच नाही. मग तो जरासा हसला. "आत्याबाई, आत या. ऊन किती हाय."

"आत्याबाईले बोलावू नको. आत्याबाई काई नापास झाली नाई."

"म्हणजे?"

"मी नापास झाली, बाबा. घरात येऊ?"

देविदासचं हसू विरलं. त्याने बायकोकडे पाहिलं. वत्सला दाराबाहेर बघत होती.

"अशी कशी नापास झाली?" तो अखेर म्हणाला. आवाजात चीड होती. "इथं तं पहिली होती."

"तिथं सारेच पहिले आलेले होते."

"समजत नव्हतं तं विचारायचं. मास्तर कायले असतात?"

"लाज वाटली. गावातून हुशार म्हणून गेलती. माह्या बाजूची पोरगी फटाफट सोडवे. मले फळ्यावरचं उतरवूनही होत नव्हतं... मान हलवत रायली. समजलं म्हणे. रोज म्हणे."

"मंग घरी फोन काहून नाई केला?"

"काय सांगू फोनवर?"

देविदासने नजर दुसरीकडे वळवली.

"तुमी विचारे, अभ्यास कसा चालू हाय. मी म्हणे, चांगला. तुमी खूष होऊन फोन ठेवे."

देविदासने खांद्यावरचा दुपट्टा काढला आणि मुठीत आवळला. फोन कुणाचे होते, कोण खूष होऊन फोन ठेवत होतं... त्याला आठवत होतं.

"दिवाळीत आला तेव्हा तरी सांगायचं," तो म्हणाला. "दिवाळीत तं घरी होता ना तू?"

वत्सलाने चमकून नवऱ्याकडे पाहिलं. त्याच्या ते लक्षात आलं नाही.

"दिवाळीत पाव्हणे होते. तुमी साऱ्याइले सांगत होते, माह्या पोराचं असं हाय, तसं हाय."

आत्याबाईंनी एक पाय फरशीवरून उचलला, टेकवला, मग दुसरा उचलला. वत्सला उठून दाराकडे धावली. आत्याबाईंनी पंजा उभा धरून तिला अडवलं.

"तू नको."

वत्सला तिथेच थांबली. "म्हणा ना हो," ती नवऱ्याला म्हणाली. "एकदा म्हणा ना..."

देविदास उठला. दारापर्यंत गेला. चौकट धरून उभा राहिला.  कांचनने आपल्या बापाला असं कधी पाहिलं नव्हतं. गिरणीच्या घरघरीतही सगळ्यांना ऐकू जाईल असा त्याचा आवाज. आता तोंड उघडलं तरी आवाज निघत नव्हता.

"घरात येऊ, बाबा?"

त्याने चौकटीवरचा हात काढला.

"जेवला का रे?" देविदास म्हणाला.

त्याचं बोलणं कुणी दुरुस्त केलं नाही.

आत्याबाई आत आल्या आणि भिंतीला टेकून बसल्या. देविदास चौकटीपाशीच खाली बसला, दुपट्टा तोंडावर घेऊन. कांचन उठली. कोपऱ्यातल्या माठातून तिने गडूभर पाणी आणलं आणि आत्याबाईंच्या पायांवर हळूहळू ओतलं.

पाणी संपलं तरी ती उठली नाही.

"आत्याबाई, मले लय भेव वाटते," ती म्हणाली. "मले अजून आईपाशीच झोप लागते. तिथं इंग्रजीत शिकवतात म्हणे. मले नाई जमलं तं... मी कुठी जाऊ?"

प्रश्न आत्याबाईंना होता.  पण त्या देविदासकडे बघत होत्या.

देविदासने दुपट्टा बाजूला केला.

"घरी," तो म्हणाला. "घरी येजो, बाप्पा. अजून कुठी जाशील?"

तेव्हा आत्याबाईंनी कांचनच्या डोक्यावर हात ठेवला.

शाळा उघडायच्या आदल्या दिवशी तिघं पेटी, वळकटी घेऊन भाड्याच्या गाडीने निघाले. हायवे लागला. तो ढाबा आला तसं देविदासने गाडी थांबवायला सांगितलं.

या वेळी तो आत शिरला नाही. बाहेर कडुनिंबाखाली खाट होती, तिच्यावर जाऊन बसला. वत्सला आणि कांचन बाजूला. कांचनने आपली पेटी गाडीत ठेवली नाही, सोबतच उतरवून घेतली. आत भट्टीपाशी नितेश होता. उंच झाला होता. त्याने यांना पाहिलं आणि मागच्या दाराकडे निघाला.

देविदास जागचा हलला नाही. त्याने हाकही मारली नाही.

नितेश मागच्या दारात थांबला. वळून बघत राहिला.

ट्रक आले, गेले. गाडीवाल्याने दोनदा भोंगा वाजवला. वत्सला त्याला काहीतरी सांगून आली. ऊन खाटेवर आलं, तशी तिने खाट सावलीत ओढायला सांगितली. देविदासने नकारार्थी मान हलवली. तो उन्हातच बसून राहिला.

अखेर नितेश बाहेर आला. हातात चहाचे ग्लास. आईला दिला, बहिणीला दिला. बापासमोर ग्लास खाटेच्या कडेवर ठेवला. त्याच्याकडे पाहिलं नाही.

"पेटी कोनाची?" त्याने कांचनला विचारलं.

"माही. आठवीले चालली. तुह्याच शाळेत."

नितेश उभाच होता. ग्लास पुसायचं फडकं या हातातून त्या हातात घेत होता.

"पहिल्या दिवशी मेसमधी कोनी बोलत नाई," तो म्हणाला. "तुह्याशीच नाई असं नाई. कोनीच कोनाशी बोलत नाई. साऱ्याइलेच भेव वाटते."

"हो?"

"हो. अन् गणिताचे सर लय रागावतात. पण विचारलं तं पुन्हा सांगतात. दोनदा विचारलं तं दोनदा सांगतात." तो थांबला. "बाकीच्याइले सांगत. मी पाहिलं हाय. मी विचारलं नाई."

कांचन मान हलवत होती. मग तिची मान थांबली. "दोनदा म्हणजे कसं? पहिल्यांदा समजलं नाई हे कसं म्हणू त्याइले?"

नितेश खाली बसला, पेटीला टेकून, आणि तिला सांगू लागला.

वत्सला पदर तोंडाशी धरून ऐकत होती. देविदासही ऐकत होता. मध्ये एक शब्द बोलला नाही.

गाडी निघाली तेव्हा नितेश ढाब्याच्या दारात उभा होता. त्याने हात उचलला. तो बहिणीसाठी होता.

कांचनला वसतिगृहात पोचवून देविदास परतला आणि घरी न जाता थेट मठात आला. घडलं ते सगळं त्याने आत्याबाईंना सांगितलं. त्या डोळे मिटून ऐकत होत्या.

"घरी येतो म्हटलं नाई त्यानं," तो म्हणाला. "मी निघताना म्हटलं, येजो. त्यानं हो म्हटलं नाई, नाई म्हटलं नाई. माह्याशी तं एक अक्षर बोलला नाई, आत्याबाई... मीच दारात बसून रायलो भिकाऱ्यासारखा."

"चहा पेला का तू?"

"अं?"

"चहा."

"पेला."

"कोनं देल्ला?"

"त्यानंच. आणून ठेवला."

आत्याबाईंनी डोळे उघडले.

"मंग त्यानं तं घेतलं तुले घरात."