केरूबाईची चिरलेली भाकरी

गोदेकाठच्या बोरखेडे गावी ख्रिस्तभक्त लहानू महाराज येऊन राहिले, तेव्हा तिथल्या ख्रिस्ती देवळात एक रीत होती. प्रभुभोजनाला, म्हणजे येशूच्या आठवणीने महिन्याकाठी वाटायच्या प्रसादाला, पावाऐवजी ज्वारीची भाकरी. ती देवळाच्या अंगणातल्या चुलीवर थापायची. जिची भाकरी टम्म फुगेल, तिच्या मनात पाप नाही असे समजायचे.

हे कोणी ठरवले? ठाऊक नाही. पाळत मात्र सगळे होते.

केरूबाई अकरा वर्षे दाराबाहेर बसत होती. पटकीच्या साथीत आजारी सासूला टाकून ती माहेरी पळाली. सासू पाण्यावाचून गेली. पंच दावीद शिंगाडे तेव्हा म्हणाले होते, "तुझी भाकरी फुगेल त्या दिवशी आत ये." दर महिन्याला ती थापी. दर महिन्याला भाकरी चिरे.

त्या रविवारीही चिरली.

"केरू, अगं ही भाकरी का चाळण?" पंच हसले. "देवाला फाटकं चालत नाही."

केरूबाई महाराजांपुढे आली. "महाराज, खोकल्यातून रक्त पडतंय. पुढच्या महिन्याला मी असेन का, सांगता येत नाही. एकदा तरी आत बसू द्या."

महाराज चुलीपाशी जाऊन बसले. म्हणाले, "पंच, आज सगळ्यांनीच थापू या."

आधी पंचांची कारभारीण बसली. तिच्या हाताला गावात नाव होते. तव्यावरून काढून तिने भाकरी निखाऱ्यांपुढे उभी केली.

मधोमध चीर.

"पीठ शिळं, विरी गेली असेल," पंच म्हणाले. घरून ताजे दळण मागवले.

चीर.

मास्तरीणबाईंची. चीर. नव्या सुनेची. चीर. एकेक जण उठे, थापे, मान खाली घालून परत जागेवर बसे. परातीतले थापटणे तेवढे ऐकू येई.

मग महाराजांनी बाह्या सारल्या. ही तर फुगणारच! भाकरी निखाऱ्यांपुढे राहिली, किंचित हलली, आणि काठापासून काठापर्यंत उकलली.

महाराजांच्या डोळ्यांत पाणी आले. "खरं सांगतो, थापताना मनात आलं, माझी तरी फुगेल. त्यातच सगळं आलं. बाबांनो, आपल्यात अखंड कुणीच नाही. म्हणून तर प्रभू आला."

केवढे भय! आणि केवढा दिलासा! अंगणात बायाबापड्या उघड रडू लागल्या.

"आता तुम्ही, पंच," महाराज म्हणाले.

दावीद पंचांनी पिठाचा गोळा घेतला. गोळा परातीत तसाच राहिला.

"नको, महाराज. त्याच साथीत माझा धाकटा भाऊ दारावर थापा मारत होता. मी कडी काढली नाही. आतून ऐकत राहिलो."

एवढे बोलून त्यांनी महाराजांचे पाय धरले. महाराजांनी त्यांना खांद्याला धरून उठवले. "माझ्या पायांशी काय आहे? माझीही भाकरी पाहिलीत ना! आत चला."

आत प्रभुभोजनाच्या मेजावर महाराजांनी केरूबाईची भाकरी ठेवली. अकरा वर्षांनी केरूबाईने उंबरा ओलांडला आणि पहिल्या ओळीत बसली. पंच दारातच घुटमळले. आत जायचा धीर होईना.

केरूबाईने मागे वळून पाहिले. पदर आवरून ती थोडी सरकली.

"या की दाजी. जागा आहे."

दावीद शिंगाड्यांनी तिच्या शेजारी गुडघे टेकले आणि कपाळ जमिनीला लावले.