नऊ संगणकांची बटणपट्टी

एकदा एका बियाणे-तपासणी केंद्रात ऋजुता नावाची एक हुशार विश्लेषक काम करीत असे. बियांच्या उगवणीचे आकडे एक्सेलमध्ये भरायचे, टक्केवारी काढायची आणि अहवाल तयार करायचा, हे तिथले रोजचे काम. त्यासाठी तिने आपल्या संगणकावर, एक्सेलच्या माथ्यावर, स्वतःची बटणपट्टी बसवली होती. एक बटण दाबले की टक्केवारी निघे, दुसरे दाबले की नापास नमुने लाल होत, तिसरे दाबले की अहवाल छापून बाहेर पडे. तासाभराचे काम चुटकीसरशी होई.

साहजिकच सहकारी आपापली फाइल घेऊन तिच्या टेबलाशी रांग लावीत. ऋजुता वैतागल्यासारखे दाखवी आणि मनातून सुखावे. माणसाचे असेच असते.

पुढे सहा महिन्यांच्या प्रशिक्षणासाठी हैदराबादला तिची निवड झाली. तीन वर्षे तिने या संधीचा पिच्छा पुरवला होता. आता फक्त केंद्रप्रमुखांची सही हवी होती. त्यांना सगळे नाना म्हणत. बोलणे मोजके, नजर बारीक. ऋजुताला कामाचे पहिले धडे त्यांनीच दिले होते. त्यांनी कागद वाचून बाजूला ठेवला. "तुझ्यावाचून इथलं काम चालेल हे मला दाखव, त्याच क्षणी सही करतो," एवढेच ते म्हणाले.

ऋजुताही हट्टाला पेटली. केंद्रातले नऊही संगणक नेटवर्कने जोडलेले होते. दोन दिवस जेवणाची सुट्टीसुद्धा न घेता तिने प्रत्येक संगणकावर आपली पट्टी बसवली, तीही कुणाची जुनी बटणे न हलवता. तिसऱ्या दिवशी सगळ्या पडद्यांवर तीच बटणे झळकली आणि तिच्या टेबलापुढची रांग संपली. तिने मोठ्या उमेदीने नानांना बोलावून आणले.

नानांनी फेरी मारली, दोन-तीन ठिकाणी बटणे दाबून पाहिली, मान डोलावली. मग ते ऋजुताच्या टेबलापाशी गेले. तिचा संगणक त्यांनी बंद केला, त्याची वायर काढली, नीट गुंडाळून आपल्या पिशवीत टाकली आणि शांतपणे चहा घेत बसले.

पेरणी तोंडावर आली होती. संध्याकाळपर्यंत चाळीस अहवाल जायचे होते. थोड्याच वेळात एकेका टेबलावरून कुरबुर सुरू झाली. बटणे जागच्या जागी होती, पण दाबली की 'फाइल सापडत नाही' एवढाच संदेश येई. ऋजुताचा चेहरा लाल झाला. तोंडाशी आलेला घास म्हाताऱ्याने मुद्दाम काढून घेतला, असेच तिला वाटले.

"नाना, चाललेलं काम तुम्ही का बंद पाडलंत?"

"तू गेली आहेस असं मी धरलं, बस," नाना म्हणाले. "बटणं तू सगळ्यांना दिलीस, पण त्यांच्यामागचं खरं काम करणारी फाइल अजून तुझ्याच संगणकात आहे. नळ नऊ घरी बसवलेस, टाकीची किल्ली मात्र तुझ्याच कमरेला. हे नकळत झालं, मी जाणतो. पण ते तुझ्या ध्यानात का आलं नाही, हे स्वतःला विचार. लोकांचं आपल्यावाचून अडतं, हे ऐकायला फार गोड लागतं, पोरी. ती गोडी सोडलीस की तू जायला मोकळी झालीस."

बोलणे जिव्हारी लागले, कारण ते खरे होते. रांग संपली तेव्हा ऋजुताला आनंदाबरोबर थोडे चुकल्याचुकल्यासारखेही वाटले होते. ती वाद घालीत बसली नाही. तिने वायर मागून घेतली आणि पदर खोचून कामाला लागली. बटणांमागची सगळी फाइल तिने केंद्राच्या सामाईक सर्व्हरवर नेली, नऊही संगणकांवरची बटणे तिथे जोडली, आणि काही अडले तर काय करायचे ते दोन पानांत लिहून शेजारी ठेवले.

संध्याकाळी शेवटचा अहवाल उरला होता. ऋजुताने स्वतःच आपला संगणक बंद केला, वायर काढली, गुंडाळली आणि नानांच्या टेबलावर ठेवली. शेजारच्या सहकाऱ्याने बटण दाबले. प्रिंटर घरघरला, अहवाल बाहेर आला. तो उचलून सहकारी निघून गेला. ऋजुताकडे त्याने मान वर करून पाहिलेसुद्धा नाही.

तिला ते बोचले नाही. नानांनी एकवार तिच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिले आणि सही केली.