पंगत उठेपर्यंत

लहानांनो आणि मोठ्यांनो, ही गोष्ट फार जुनी आहे. तेव्हा लोक वर्षं मोजत नसत, पावसाळे मोजत. राज्य कोणत्या राजाचं होतं ते मला ठाऊक नाही, आणि आपल्या गोष्टीचं त्याच्यावाचून काही अडतही नाही.

एका डोंगराच्या अंगावर दोन गावं होती. एक वरचं, एक खालचं. दोघांत मिळून एकच ओढा. त्या ओढ्यावर वरच्या गावापाशी एक बांध होता, आणि गेले तीन पावसाळे त्या बांधातलं सगळं पाणी वरच्याच गावाच्या शेतांत जात होतं. खालच्या गावातल्या बाया कोरड्या पात्रात झिरे खणायच्या, वाटी-वाटीने पाणी उपसायच्या, तीनदा फडक्यातून गाळायच्या आणि मग हंडा डोक्यावर घ्यायच्या.

शेवटी गाव कंटाळलं. यंदा पाणी उतरलं नाही, तर बिऱ्हाडं बांधून गाव सोडायचं, असं चावडीवर ठरलं.

हे ऐकून सगळ्यात जास्त धसका कोणी घेतला असेल, तर तो ठकूबाईने. ठकूबाई म्हणजे गावच्या पाटलाची धाकटी भावजय. तिचा नवरा मेंढरं घेऊन आठ-आठ महिने मुलूखभर फिरायचा, आणि ती वेशीजवळच्या शेवटच्या घरात म्हाताऱ्या सासऱ्यांना सांभाळायची. सासरे ऐंशीच्या पुढचे. चार पावलं चालले की धाप लागायची. ते तिला शांतपणे म्हणाले होते, गाव उठेल तेव्हा मला इथंच ठेवून जा, मी कोणाच्या पाठीवरचं ओझं होणार नाही. त्या दिवसापासून ठकूबाईला घास गोड लागत नव्हता.

आता तुम्ही विचाराल, पाटलाचा बाप पाटलाच्या मोठ्या घरात का नव्हता? त्याचं कारण सांगायला थोडी लाज वाटते, पण सांगतो. त्या मुलखात एक रीत होती. पंगतीतला शेवटचा माणूस जेवून होईपर्यंत कोणी पानावरून उठायचं नाही. मधेच उठणं म्हणजे अन्नाचा अपमान आणि शेजारी बसलेल्याचाही. म्हाताऱ्याच्या तोंडात एक दात शिल्लक नव्हता. अर्धी भाकरी संपवायला त्याला एवढा वेळ लागे, की तेवढ्यात शेजारची बाई झिऱ्यावर जाऊन हंडा भरून येईल. पाटील पडला कामाचा माणूस. रोज दोन्ही वेळा बापासाठी खोळंबून त्याचा जीव मेटाकुटीला यायचा. मग एके दिवशी, हवापालट होईल असं सांगून, त्याने वडिलांना धाकटीच्या घरी पोचवलं. हवा कसली पालटते? दोन घरांत अंतर दोन हाकांचं.

तर पाटलाने एक बेत आखला. देवीच्या उत्सवाला वरच्या सगळ्या गावाला आवतण धाडलं. संध्याकाळी मोठी मेजवानी, मेजवानीनंतर विडा, आणि विडा रंगला की पाणी मागायचं. बेत काही वाईट नव्हता. गावातले होते नव्हते ते गहू, गूळ, तूप सगळं पाटलाच्या कोठीत गोळा झालं. पाच पक्वान्नं ठरली.

पण पाटलाला मोठेपणाची हौस दांडगी. त्याने दवंडी पिटवली, की पाहुणे सकाळी येतील, पण संध्याकाळपर्यंत कोणी त्यांच्यापुढे खायचं काही ठेवू नये. पोटं चांगली खपाटीला गेलेली असली, म्हणजे आपल्या पक्वान्नांची तारीफ चौपट होईल. ठकूबाईने सासऱ्यांकरवी निरोप पाठवला, की एवढा घाट उतरून आलेल्यांना सकाळी दोन घास तरी द्या. पाटलाने तो हसण्यावारी नेला. बाईने आपली अक्कल चुलीपुरती ठेवावी, एवढं उत्तर मात्र न चुकता आलं.

उत्सवाच्या सकाळी पाहुणे आले. सव्वाशे माणसं, बायापोरांसकट. वेशीतून येताना आधी लागायचं ते ठकूबाईचंच घर, म्हणून तिने सगळ्यांना नीट पाहिलं. पाय गुडघ्यापर्यंत धुळीने भरलेले, ओठ सुकलेले. एका बाईच्या कडेवरचं पोर आईच्या पदराचं टोक चोखत होतं. सगळ्यांच्या शेवटी तट्टावर बसून त्यांचे सर्वांत वडीलधारे आबा आले. तेही म्हातारे, बोळके आणि उन्हाने कोमेजलेले. पहाटे निघालेली ही माणसं, जेवायलाच तर बोलावलंय म्हणून घरी चूल न पेटवता निघाली होती.

ठकूबाई क्षणभर दारात उभी राहिली. मग आत गेली आणि तिने ज्वारीच्या पिठात हात घातला.

एकटीने भागणार नव्हतं. ती आळीतल्या बायांकडे गेली. कोणी म्हणालं, पाटील रागावेल. कोणी म्हणालं, आमच्या घरात आता गुळाचा खडासुद्धा उरला नाही. ठकूबाईने कोणाला गळ घातली नाही. एवढंच म्हणाली, "हुकूम पाटलाचा हाय आन भूक पाव्हण्यांची हाय. मी चूल पेटवतिया."

ती घरी पोचायच्या आत शेजारच्या घरातून धूर निघाला. मग त्याच्या पलीकडून. बघता बघता आळीतली बाराच्या बारा घरं धुरावली. एकाच घरातून धूर निघाला असता तर पाटलाने जाब विचारला असता. बारा घरांत जाब विचारत फिरायला त्यालाही दिवस पुरला नसता.

इकडे मांडवात काय चाललं होतं? पाटलाने पाहुण्यांना देऊळ दाखवलं, दीपमाळ दाखवली, आपल्या आजोबांची तलवार दाखवली. मग लेझीम झाली. मग सत्कार झाले. मग पाटलाने भाषण केलं, आणि ते लांबलं. मुदपाकखान्यातून तुपाचा वास येत होता आणि पाहुण्यांच्या पोटात कावळे कोकलत होते. सूर्य डोक्यावर आला तसा माणसांचा आवाज चढू लागला.

भांडणाला कारण काय लागतं? कधीकाळी खालच्या गावच्या बकऱ्यांनी वरच्या गावचा हरभरा खाल्ला होता, ते कोणाला तरी आठवलं. पाटील म्हणाला, त्या बकऱ्या आमच्या नव्हत्याच. वरच्या गावचा कारभारी, म्हणजे आबांचा मुलगा, म्हणाला, मग काय आभाळातून पडल्या? शब्दाने शब्द वाढला. कारभारी ताडकन उठला.

"आमच्या गावात दारात आल्याला आधी भाकरी देत्यात, मग तलवार दावत्यात," तो म्हणाला. "चला रं समदी."

सव्वाशे माणसं उठली आणि वाटेला लागली. पाटील अडून बसला. जातात तर जाऊ देत, म्हणाला. पण आतून त्याच्याही तोंडचं पाणी पळालं होतं, कारण पाण्याचा विषय निघण्याआधीच संपला होता.

वेशीच्या वळणावर आल्यावर पाहुण्यांचे पाय मात्र जागीच थबकले. रस्त्याच्या दोन्ही कडांना, ठकूबाईच्या दारापासून थेट वेशीपर्यंत, पत्रावळी मांडल्या होत्या. नुसत्या मांडल्या नव्हत्या, वाढल्या होत्या. गरम भाकरी, झुणका, कुळथाची आमटी, ठेचा, फोडलेला कांदा. प्रत्येक पानाशेजारी पाण्याचा तांब्या. आळीतल्या बाया डोक्यावर पदर घेऊन ओळीने उभ्या होत्या.

ठकूबाईने हात जोडले. "पाव्हणं, पान वाढलंय," ती म्हणाली. "जेवा आन मग खुशाल जावा. आमी आडवं येणार न्हाई."

वाढलेल्या पानाला पाठ दाखवणारा माणूस त्या मुलखात जन्मला नव्हता. आणि खरं सांगायचं, तर भाकरीचा वास नाकात शिरल्यावर रुसवा टिकवणं भल्याभल्यांना जमत नाही. कारभाऱ्याने बसकण मारली. मागोमाग सगळे बसले. ठकूबाईने आबांना हाताला धरून आणलं आणि आधीच पानावर बसलेल्या आपल्या सासऱ्यांच्या अगदी समोर बसवलं. हे तिने ठरवून केलं की आपसूक झालं, ते कोणालाच कळलं नाही. पुढे लोकांनी विचारलं तेव्हा ती नुसती हसायची.

तेवढ्यात पाटील रागाने लाल होऊन आला. दवंडी मोडणारी घरातलीच निघाली, हे त्याला फार झोंबलं होतं. पण थोरल्या दिराशी समोरासमोर बोलायची रीत नव्हती. ठकूबाई पदर सावरून सासऱ्यांना म्हणाली, "मामंजी, भावजींना सांगा, त्येंचंबी पान वाढलंय."

म्हाताऱ्याने शेजारच्या पानाकडे बोट दाखवलं. एवढ्या माणसांपुढे वाढलेलं पान आणि बापाचं बोट, दोन्ही नाकारायची पाटलाची छाती झाली नाही. तो बापाशेजारी मांडी घालून बसला.

पहिली भाकरी सगळ्यांनी मुकाट्याने खाल्ली. दुसरीला कोणी तरी समाधानाने सुस्कारा टाकला. तिसरीला वरच्या गावची एक बाई ठेच्यात काय घातलंय ते विचारू लागली. पदर चोखणारं पोर झुणका माखलेल्या तोंडाने हसलं. बायांनी ताक फिरवलं. सगळ्यांचं जेवण आटोपलं.

सगळ्यांचं म्हणजे, दोघे सोडून. दोन्ही म्हातारे आमटीत भाकरी कुस्करून सावकाश, अगदी सावकाश जेवत होते. निम्मी भाकरी अजून पानावर होती, आणि सव्वाशे पाहुणे आणि एक पाटील ती संपायची वाट बघत होते. जायची घाई असलेल्यांनाही जाता येत नव्हतं. एकमेकांकडे न बघणाऱ्यांना समोरासमोर बसावंच लागत होतं.

आबांनी तांब्या उचलून एक घोट घेतला आणि ते थांबले. त्यांनी तांब्यात वाकून पाहिलं. "सूनबाई, पाण्याला मातीचा वास येतुया," ते म्हणाले.

"व्हय आबा," ठकूबाई म्हणाली. "तीनदा गाळलंय. आमी ह्येच पितो."

ती रडली नाही की तिने गाऱ्हाणं मांडलं नाही. पण मग ज्याने त्याने आपापल्या तांब्यात पाहिलं.

आबांनी समोरच्या म्हाताऱ्याला विचारलं, की आपण दोघं मिसरूड फुटायच्या वयात बांधाला दगड वाहत होतो ते आठवतं का. ठकूबाईचे सासरे म्हणाले, न आठवायला काय झालं, तेव्हा दोन्ही गावं मिळून राबली, म्हणून तर बांधाला दोन तोंडं ठेवली होती, एक वरच्या शेतांसाठी आणि एक खालच्या ओढ्यासाठी. आबांनी मान डोलावली. त्यांचे पाय थकले होते, कित्येक वर्षांत ते बांधाकडे फिरकले नव्हते.

"मग खालचं तोंड बुजवलं कुणी?" त्यांनी विचारलं.

कारभारी आपल्या रिकाम्या पानाकडे बघत राहिला. तीन पावसाळ्यांपूर्वी पाऊस कमी झाला तेव्हा त्यानेच घाबरून ते दगडांनी बुजवलं होतं. मग पाऊस चांगला झाला, पण तोंड उघडायचं राहून गेलं. आपण कशाला आधी वाकायचं, असं त्याला वाटत राहिलं.

आबांना जे समजायचं ते समजलं. त्यांच्या पानावर आता एकच घास उरला होता. तो त्यांनी हातात घेतला आणि हात तसाच धरून ठेवला.

"आबा, खावा की," कारभारी हळूच म्हणाला.

"खातू," आबा म्हणाले. "खालचं तोंड उघडायचा शबुद दे, मग खातू. तवर पंगत उठत न्हाई."

कारभाऱ्याने मान वर केली नाही. हट्ट त्याच्याही रक्तातच होता, बाप तसा लेक. माणसांच्या पायांना मुंग्या आल्या. कोणी या मांडीवरून त्या मांडीवर झालं. ठकूबाई ताकाचं भांडं हातात धरून उभी होती. आबांच्या हातातला घास अजून तसाच होता.

आणि मग बोलला कोण, तर पाटील. कदाचित पोट भरलं म्हणून असेल. कदाचित कित्येक वर्षांनी बापाचं सगळं जेवण होईपर्यंत शेजारी बसावं लागलं म्हणून असेल. तो घसा खाकरून म्हणाला, "कारभारी, त्या बकऱ्या आमच्याच व्हत्या."

कारभाऱ्याने चमकून पाहिलं. त्याच्या ओठांचा कोपरा हलला, आणि मग त्याला हसू आवरेना. त्याला बघून पाटील हसला. दोन्ही ओळींतून हसण्याची लाट वेशीपर्यंत गेली.

"उद्याच्याला उघडतो, आबा," कारभारी डोळे पुसत म्हणाला. "माझा शबुद."

आबांनी घास तोंडात घातला. तो त्यांनी घाई न करता चावला, गिळला, वर मातकट पाण्याचा तांब्या रिकामा केला आणि दोन्ही हात जोडले. पंगत उठली. ठकूबाई मात्र ताकाचं भांडं खाली ठेवून तिथंच बसली. तिच्या डोळ्यांतून घळाघळा पाणी वाहत होतं आणि ते पुसायचं तिला भान नव्हतं.

संध्याकाळची मेजवानी झाली आणि अशी झाली, की तिची आठवण दोन्ही गावं पुढे कैक पावसाळे काढत राहिली. पाहुण्यांच्या पोटात फारशी जागा नव्हती. पाच पक्वान्नांतली दोनच कशीबशी संपली. तरी तारीफ चौपट झाली, कारण माणसं आता खुशीत होती. विडा रंगला, पण पाणी मागायची वेळच पाटलावर आली नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी ओढ्याकडून पोरांची आरोळी आली. सगळं गाव धावलं. कोरड्या दगडांतून वाट काढत, वाळकी पानं पुढे ढकलत, पाणी खाली येत होतं. ठकूबाईने सासऱ्यांना घोंगडीवर बसवलं, चार जणांनी ती घोंगडी उचलली आणि काठावर नेली. म्हाताऱ्याने पाण्यात पाय सोडले. कोणाचंही बिऱ्हाड बांधलं गेलं नाही, आणि कोणीही मागे राहिलं नाही.

पाटलाने आपली दवंडी स्वतःच रद्द केली आणि नवी पिटवली. त्या दिवसापासून खालच्या गावात रीत पडली, की मोठ्या समारंभाला पाहुणे आले, की त्यांना आधी ठकूबाईच्या आळीत भाकरी वाढायची आणि मगच मांडवात न्यायचं. ते वाढप ठकूबाईच्या हुकमाने चालायचं, आणि पाटीलही हातात ताकाचं भांडं घेऊन तिने सांगितलेल्या ओळीत फिरायचा.

तात्पर्य: दारी आलेल्या माणसाची भूक आधी भागवावी, आपला मोठेपणा आणि आपलं मागणं त्यानंतर मांडावं.