रोपटेरावांचा उजेड

काचेच्या टाकीतली रोपं बोलत असत, त्या काळची ही गोष्ट. खोटी वाटली तर माशांना विचारा. तिथलं एक रोपटं सारखं कुरकुरायचं, "एवढ्याशा दिव्यात मी वाढणार कधी?"

"तुला पुरेल तेवढा आहे, बाळा," शेवाळ खाऊन जगणारी गोगलगाय आजी म्हणाली.

पण काचेला चिकटलेलं चिमूटभर शेवाळ गोड आवाजात म्हणालं, "मागा रोपटेराव, मागा. आम्ही तुमच्या पाठीशी आहोत."

रोपट्याने गळ घातली आणि भोळा दिवा रात्रंदिवस लखलखू लागला. पंधरा दिवसांत शेवाळ पानापानांवर चढून बसलं.

"अहो, जीव गुदमरतोय माझा. उजेड कुठे गेला?" रोपटं कळवळलं.

"इथेच आहे की," शेवाळ ढेकर देत म्हणालं. "आम्हाला फार मानवला."

रोपट्याने दिव्याला मंद व्हायला सांगितलं आणि खालच्या वाळूकडे बघत हळूच हाक मारली, "आजी, जेवलात का?"