गुणाजीच्या ओठाचं मलम

एक होता उंदीर. अंगठ्याएवढा. नाव मात्र पोत्याएवढं. गुणाजी.

गुणाजी राहायचा शेवंताकाकूच्या स्वयंपाकघरात. त्याला सात भावंडं. सात भावंडांची सात बिळं. हाक मारली तर एकही यायचं नाही. शीळ वाजवली की सातही यायची, जेवायला.

थंडी पडली. गुणाजीचा ओठ फुटला. शीळ गेली.

फुस्स.

भाकरी तयार. भावंडं बिळात. भावंडं उपाशी.

गुणाजीनं मेण घेतलं. खोबरेल घेतलं. पातेल्यात तापवलं. शिंपलीत ओतलं.

भळ्ळ.

सगळं मलम फरशीवर. फरशीला ओठ नाहीत, तरी मलम तिलाच मिळालं. खोबरेल थोडं उरलं होतं. मेण संपलं.

गुणाजी निघाला. तुरुतुरु तुरुतुरु. माशीकडे गेला, मधमाशीकडे.

"माशीताई, माशीताई, मेण दे.
तू मेण दिलंस की मलम होईल.
मलम झालं की ओठ बरा होईल.
ओठ बरा झाला की शीळ वाजेल.
शीळ वाजली की भावंडं जेवतील."

माशी म्हणाली, "गुंगुंगुं. मागचं मेण तू भडक्यावर ठेवलंस. निम्मं जाळलंस. चूल मंद पेटली तर देते, नाहीतर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गुणाजी चुलीकडे गेला.

"चूलबाई, चूलबाई, मंद पेट.
तू मंद पेटलीस की माशी मेण देईल.
माशीनं मेण दिलं की मलम होईल.
मलम झालं की ओठ बरा होईल.
ओठ बरा झाला की शीळ वाजेल.
शीळ वाजली की भावंडं जेवतील."

चूल म्हणाली, "फूं फूं. पेटेन की. पण ते पातेलं नको. त्याला ओतता येत नाही. कडेनं गळतं आणि माझ्या डोळ्यात जातं. किटली बसली तर पेटते, नाहीतर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गुणाजी किटलीकडे गेला. किटलीला होती लांब चोच.

"किटलीमावशी, किटलीमावशी, चुलीवर बस.
तू बसलीस की चूल मंद पेटेल.
चूल मंद पेटली की माशी मेण देईल.
माशीनं मेण दिलं की मलम होईल.
मलम झालं की ओठ बरा होईल.
ओठ बरा झाला की शीळ वाजेल.
शीळ वाजली की भावंडं जेवतील."

किटली म्हणाली, "खडखड. बसेन रे. पण ओतू कशात? तुझी शिंपली नाचते. मी धार सोडणार इथे, ती जाणार तिथे. ती हलायची थांबली तर बसते, नाहीतर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गुणाजी शिंपलीकडे गेला. शिंपली हलत होती. डुगुडुगु डुगुडुगु.

"शिंपलीताई, शिंपलीताई, हलू नको.
तू हलायची थांबलीस की किटली बसेल.
किटली बसली की चूल मंद पेटेल.
चूल मंद पेटली की माशी मेण देईल.
माशीनं मेण दिलं की मलम होईल.
मलम झालं की ओठ बरा होईल.
ओठ बरा झाला की शीळ वाजेल.
शीळ वाजली की भावंडं जेवतील."

शिंपली म्हणाली, "डुगुडुगु. माझी पाठच गोल. मी काय मुद्दाम हलते? तांदूळ ताटात आला तर त्यात रुतून बसते, नाहीतर नाही."

तुरुतुरु तुरुतुरु. गुणाजी तांदळाकडे गेला.

"तांदूळदादा, तांदूळदादा, ताटात ये.
तू ताटात आलास की शिंपली हलायची थांबेल.
शिंपली हलायची थांबली की किटली बसेल.
किटली बसली की चूल मंद पेटेल.
चूल मंद पेटली की माशी मेण देईल.
माशीनं मेण दिलं की मलम होईल.
मलम झालं की ओठ बरा होईल.
ओठ बरा झाला की शीळ वाजेल.
शीळ वाजली की भावंडं जेवतील."

तांदूळ पोत्यातून म्हणाला, "येतो, पण कसा? पोत्याला गाठ आहे. काकूनं सोडली तर येतो, नाहीतर नाही. आणि पोतं कुरतडू नको, सांगून ठेवतो."

तुरुतुरु तुरुतुरु. गुणाजी काकूकडे गेला. काकू कंबर धरून बसली होती.

"काकू, काकू, गाठ सोड.
तू गाठ सोडलीस की तांदूळ ताटात येईल.
तांदूळ ताटात आला की शिंपली हलायची थांबेल.
शिंपली हलायची थांबली की किटली बसेल.
किटली बसली की चूल मंद पेटेल.
चूल मंद पेटली की माशी मेण देईल.
माशीनं मेण दिलं की मलम होईल.
मलम झालं की ओठ बरा होईल.
ओठ बरा झाला की शीळ वाजेल.
शीळ वाजली की भावंडं जेवतील."

काकू म्हणाली, "मेल्या, ते मलम तू सांडलंस होय? दारापासून चुलीपर्यंत घसरत गेले मी. आधी फरशी साफ कर, मग बघू."

गुणाजीनं ओलं फडकं आणलं.

"ओल्यानं नको. नुसतं पसरेल," काकू म्हणाली. "गार झालंय ना? मग खरवड."

गुणाजीनं दात लावले. खरखर खरखर. फरशी लख्ख झाली. खरवडीचा ढीग झाला, बोराएवढा.

"ओठाला लावू?"

"फरशीवरचं ओठाला? शी. टाचांना चालेल. आण इकडे."

काकूच्या टाचांना होत्या भेगा. तिनं खरवड चोळली. या टाचेला, त्या टाचेला. बरं वाटलं.

मग काकूनं गाठ सोडली.
गाठ सुटली, तसा तांदूळ ताटात आला. सर्रर्र.
तांदूळ आला, तशी शिंपली त्यात रुतली. हलेना, डुलेना.
शिंपली थांबली, तशी किटली बसली. खडखड.
किटली बसली, तशी चूल मंद पेटली. फूं फूं.
चूल पेटली, तसं माशीनं मेण दिलं. गुंगुंगुं.

मेण गेलं किटलीत. खोबरेल गेलं किटलीत. दोन्ही वितळलं. किटली वाकली. चोचीतून आली धार, सुतासारखी. आली ती थेट शिंपलीत.

एक थेंब बाहेर नाही. बरं, एक पडला. तांदळात पडला. तो दाणा पुढे तीन वर्षं भातात चमकत होता. कोणी खाल्ला नाही.

गुणाजीनं बोट पुढे केलं.

"गरम आहे," किटली म्हणाली. "बस खाली."

गुणाजी बसला. बसला. बसला. मलम गोठलं. पांढरं झालं. मग लावलं. इकडे जरा, तिकडे जरा. ओठ झाला मऊ.

फुईईईई.

सात बिळांतून सात भावंडं आली. शीळ जरा जोरातच गेली. पलीकडच्या गावातून आणखी चौदा आली.

भाकरी एकच. गुणाजीनं तुकडे केले एकवीस. सगळे जेवले. गुणाजीला उरला चुरा आणि मिरचीची चटणी. त्यानं चुरा खाल्ला. चटणी खाल्ली. चटणी तिखटजाळ होती.

ओठाला झोंबली नाही.

गोष्ट निवली, झाकण लावलं.